आई आंघोळीच्या वेळीच का मारते?

पत्र

माझी आई 79 वर्षांची आहे. मूळची कुडाळकडची, लग्नानंतर पन्नास वर्षं लालबागच्या चाळीत काढली. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दोनदा रस्ता चुकली, एकदा गॅस चालू ठेवून झोपली, तेव्हा सात महिन्यांपूर्वी आम्ही तिला बदलापूरच्या पुढे एका डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केअर सेंटरमध्ये ठेवलं. पहिले दोन महिने बरे गेले. आता आठवड्यातून दोनदा तरी फोन येतो. आंघोळीला नेलं की मारते, ओरबाडते. एका मावशीच्या हाताला चावली. दिवस मावळला की ‘माका घराक जाऊचा आसा’ म्हणत दार वाजवत राहते. खिडकीकडे बघून कुणाला तरी शिव्या घालते, जिने जन्मात कुणाला शिवी दिली नाही. ‘माझ्या पाटल्या चोरल्या’ म्हणून सगळ्यांवर आळ घेते. गाऊन फेडायला बघते आणि सारखी चादर खांद्यावर ओढते. आठवणीसाठी डोनेपेझिल आधीपासून होतं. चार महिन्यांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी मारणं-ओरडणं कमी व्हावं म्हणून रिस्पेरिडोन सुरू केलं, मग अंग ताठरतं म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, रात्रीसाठी क्लोनाझेपाम. गेल्या महिन्यात ती पडली. मागच्या रविवारी तिच्या मनगटांवर पट्टीचे वळ दिसले. विचारलं तर ‘स्वतःच ओढून घेतात’ म्हणाले. आता मॅनेजर म्हणतात, डोस वाढवायला सही द्या, नाहीतर पंधरा दिवसांत घेऊन जा. भाऊ टोरांटोला असतो, फी तो भरतो. म्हणतो, डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं का? माझी डोंबिवलीला दोन खोल्यांची जागा, नोकरी, घरात सासूबाई. सही करू का?

— स. प., डोंबिवली

उत्तर

स. ताई,

सही आज करू नका. नकारही कळवू नका. डॉक्टरांशी समोर बसून बोलल्याशिवाय ठरवणार नाही एवढं मॅनेजरना सांगा, आणि ती भेट याच आठवड्यात मागून घ्या. भेटीत काय विचारायचं ते पुढे सांगते. मी तीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली शेवटची अकरा म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, तेव्हा बोलणं जरा वॉर्डातलं वाटेल.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. गाऊन फेडायला बघते आणि सारखी चादर खांद्यावर ओढते. तुमच्या आईच्या वयाच्या, कुडाळहून लालबागला आलेल्या बाईने जन्मभर पातळच नेसलं असणार. आता तिला सैल गळ्याचा गाऊन घातलाय, कारण तो चढवायला दोन मिनिटं लागतात आणि डायपर बदलायला बरा पडतो. समोरून वॉर्डबॉय जातो, कुणाचे तरी जावई भेटायला येतात. तिच्या हिशेबी ती चारचौघांत पदराशिवाय बसली आहे. मग ती चादर घेते आणि तिचा पदर करते. सेंटरच्या वहीत याची नोंद कशी असेल ते मी न बघता सांगते: ‘पेशंट कपडे काढते, चादरी ओढते.’

अशा वागण्याला आपल्याकडे ‘म्हातारचळ’ असा एक दुष्ट शब्द आहे. डॉक्टर बीपीएसडी म्हणतात, म्हणजे डिमेन्शियातली वागण्याची आणि मनाची लक्षणं. विसरणं सोडून बाकीचं सगळं त्यात येतं: संशय, आळ, भास, मारणं, भटकणं, रात्रीचं जागरण, रडणं, आणि नुसतं गप्प बसून राहणंही. डिमेन्शिया झालेल्या दहांपैकी नऊ जणांना आजाराच्या वाटेवर यातलं काही ना काही होतंच. गप्प बसणाऱ्यांच्या घरी मात्र कधी फोन जात नाही. तुमच्या आईच्या शेजारच्या कॉटवर दिवसभर भिंतीकडे बघत बसणारी एखादी आजी असेल, तर तिच्याकडेही कुणीतरी बघायला हवं, पण ती कुणाला चावत नाही ना! असो.

हे दोन्ही शब्द ऐकले की वाटतं, सगळं आतूनच उगवतंय, आजार आहे, होणारच. मेंदू झिजतो हे खरं. पण झीज चोवीस तास असते आणि तुमची आई मारते फक्त आंघोळीला. जेवताना मारत नाही, तुम्ही रविवारी केस विंचरता तेव्हाही मारत नसावी, नाहीतर तुम्ही लिहिलं असतं. म्हणजे आंघोळीत काहीतरी आहे.

तर आंघोळ जरा जवळून बघू. मी तुमचं सेंटर पाहिलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी जे चालतं ते सांगते. सकाळचे साडेसहा. रात्रीच्या क्लोनाझेपामची गुंगी उतरलेली नाही. दोन मावशी येतात; त्यांच्या वाट्याला आठ आज्या आणि साडेआठला नाश्ता. चष्मा काढलेला, कानाचं मशीन असेल तर तेही. कुणीतरी ‘चला आजी’ म्हणत हाताला धरून उठवतं. आजी कोण? लालबागला तिला सगळे ‘वैनी’ म्हणत असतील, किंवा ‘अमक्याची आई’. मग डोक्यावरून गाऊन ओढतात, म्हणजे दोन्ही हात वर. मग थंडगार टाइल्स, आणि हँडशॉवरचं पाणी एकदम डोक्यावर. तिने आयुष्यभर बादलीतून तांब्याने पाणी घेतलं, आधी पायावर, मग खांद्यावर. दोन अनोळखी बायका अंगावरचे कपडे काढतात, बोलतात ते तिला नीट कळत नाही, वरून पाणी येतंय. मी तर नक्की चावले असते.

यातलं ‘दोन्ही हात वर’ हे विशेष लक्षात ठेवा.

माझ्या वॉर्डात एक निवृत्त मास्तर होते. भरवायला गेलं की हात झटकायचे. एकदा वरणाची अख्खी वाटी माझ्या युनिफॉर्मवर आली. मी स्वतःच्या हाताने चार्टवर लिहिलं, ‘जेवणाला विरोध, आक्रमक.’ त्यावरून गोळी सुरू झाली. मास्तर पेंगायला लागले, जेवण आणखी तुटलं, आणि वॉर्ड शांत झाला म्हणून आम्ही खूश. बाराव्या दिवशी झाडू मारणारे मामा म्हणाले, ‘सिस्टर, बाबा एकाच बाजूने चावतात, बघितलंत का?’ उजव्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ दुखते एवढं सांगायला मास्तरांकडे शब्द उरले नव्हते. शिकलेली सिस्टर मी, आणि ओळखलं मामांनी.

नॉर्वेमध्ये 18 नर्सिंग होममधल्या 352 जणांवर याचाच एक अभ्यास झाला, 2011 साली तो प्रसिद्ध झाला. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं छोटं इस्पितळ डोळ्यांसमोर येतं. तिकडे त्याचा अर्थ म्हाताऱ्या, आजारी माणसांची राहायची जागा. आपण त्या जागेला कधी आश्रम म्हणतो, कधी सेंटर. धड नावसुद्धा ठरलेलं नाही.) डिमेन्शिया असलेली, चिडणारी, आरडाओरडा करणारी ही माणसं. त्यांतल्या एका गटाला, यांना कुठेतरी दुखत असणार असं धरून पायरीपायरीने दुखण्यावरचं औषध दिलं. बहुतेकांच्या बाबतीत ते साधं पॅरासिटामॉल होतं. आठ आठवड्यांत त्या गटाची चिडचिड दुसऱ्या गटाच्या मानाने साधारण 17 टक्क्यांनी उतरली. ही काही जादू नव्हे, पण ज्या गोळीने माणूस पडत नाही आणि लाळही गाळत नाही तिने एवढं होत असेल, तर तिची पाळी आधी यायला हवी.

म्हणून मावशींना विचारा, मॅनेजरना नको: गाऊन काढताना कुठला हात वर केला की ती मारते? उजवा की डावा? खांदा आखडला असेल, गुडघे तर या वयात दुखतातच, आणि गेल्या महिन्यात ती पडलीही आहे. पडल्यावर एक्स-रे काढला होता का? मणक्याचं बारीक फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातही येत नाही. डॉक्टरांना सांगा की खांदे, गुडघे, पाठ, दात, पायाची नखं सगळं बघा, आणि काही आठवडे ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल देऊन बघता येईल का ते सांगा. ‘दुखलं तर द्या’ असं लिहून उपयोग नाही, ती मागणार नाही.

आंघोळीबद्दल एवढंच मागा. सकाळच्या घाईऐवजी अकराच्या सुमाराला. एकच मावशी, जमेल तर रोज तीच. गाऊन कापून पुढून उघडणारा करा, म्हणजे हात वर करायला नको. शॉवर बंद, बादली, तांब्या आणि बसायला स्टूल. तांब्या तिच्याच हातात द्या, पहिलं पाणी तिला स्वतःच्या पायावर ओतू द्या. खांद्यांवर शेवटपर्यंत एक पंचा राहू द्या, त्याच्या आडून अंग पुसता येतं. डोक्यावरून आंघोळ आठवड्यातून एकदा पुरे. आणि एखाद्या दिवशी नाहीच म्हणाली तर ओल्या कपड्याने अंग पुसा आणि सोडून द्या. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा नियम आपला, तिच्या तब्येतीचा नाही.

अंगाबद्दल आणखी एक, थोडक्यात. लघवीची आणि रक्तातल्या सोडियमची तपासणी, पोट किती दिवसांनी साफ होतं, पाणी किती पिते, कानात मळ आहे का, मोतीबिंदू किती पिकलाय. घरात कुणी तापात असंबद्ध बोलायला लागलं की जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणायची. डिमेन्शियाच्या माणसाला तसा वात साध्या बद्धकोष्ठानेही होतो. चार दिवसांत एकदम बिघडलं, मध्येच गुंगी, मध्येच खवळणं असं दिसलं, तर ते डिमेन्शिया वाढलं म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

आता संध्याकाळ. दिवेलागणीला घरी जायचंय म्हणणारी तुमची आई एकटी नाही, संध्याकाळी सात वाजता कुठल्याही सेंटरच्या दाराशी उभं राहून बघा. दिवसभर थकलेला मेंदू, कमी होणारा उजेड, ड्युटी बदलताना चाललेली धावपळ, हे सगळं एका वेळी येतं. कातरवेळ आपल्यालाही नकोशी होते, आपण दिवा लावून टीव्ही लावतो. तिला नुसतं ‘इथेच राहायचंय’ सांगून भागत नाही. ‘लालबागची खोली विकली’, ‘बाबा गेले’ हे तर चुकूनही सांगू नका. तिला बाबा गेल्याचं दर वेळी पहिल्यांदाच कळतं. मग काय सांगायचं? खोटं बोलायचं का? ‘उद्या नेते’ हे मी सांगत नाही, कारण आज विसरली तरी तुमच्या तोंडावरचं खोटं तिला दिसतं. मी विचारायचे, ‘घरी कोण वाट बघतंय?’ मग कळतं की पोरं शाळेतून यायची आहेत, भाकऱ्या थापायच्यात, पाणी जाईल. तिला ते काम हवंय. साडेपाचला सगळे दिवे लावायला सांगा, चहा द्या, आणि पुढ्यात परात ठेवा: मेथीची जुडी, सोलायला लसूण, निवडायला तांदूळ. तांदूळ निवडलेलाच असला तरी चालतो, उद्या परत तोच ठेवा.

खिडकीतली बाई कोण, ते तुम्ही अंधार पडल्यावर आईच्या कॉटवर बसून बघा. बाहेर काळोख आणि आत ट्यूब लागली की काचेचा आरसा होतो. पांढऱ्या केसांची, गाऊन घातलेली एक अनोळखी बाई तिच्याकडे टक लावून बघत असते. आपल्या मनातल्या चेहऱ्याशी तो चेहरा जुळत नाही, कारण मनात ती चाळिशीची आहे. दिवे लावायच्या आधी पडदा ओढायचा. एवढ्यानेही भास राहिले, दिवसाढवळ्याही माणसं-पोरं दिसायला लागली, किंवा गोळ्यांच्या आधीपासूनच दिसत होती आणि अंगही तेव्हापासूनच ताठ होतं, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. लुई बॉडी नावाच्या डिमेन्शियात असं होतं, आणि त्या माणसांना हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं फार वाईट बाधतात, जिवावरही बेततं.

शिव्यांचं मनाला लावून घेऊ नका. त्या तिने कधी दिल्या नसतील, पण कुडाळात वाढलेल्या माणसाने ऐकल्याच नाहीत असं कसं होईल? बांध घालणारा मेंदूचा भाग आधी ढिला पडतो, आणि तोंडात बसलेले शब्द सगळ्यात शेवटी जातात. तसंच मालवणीचं. माणूस आजारात आपल्या पहिल्या बोलीकडे परततं. मावशी विदर्भातल्या किंवा झारखंडच्या असतील, तर ‘माका तान लागली हा’ म्हणजे तहान लागली हे त्यांना कोण सांगणार? दहा-बारा मालवणी वाक्यं त्यांच्या अर्थासकट कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

पाटल्यांचं मला हसू आलं, रागावू नका. भरती करताना सोनं काढून घरी न्यायला सांगितलं असेल, तसा नियमच असतो. मग चोरल्याच की पाटल्या! मनगट रिकामं आहे आणि काढल्याचं आठवत नाही. यात ‘भ्रम’ किती आणि साधा हिशेब किती? ‘तुझ्या पाटल्या माझ्याकडे कपाटात आहेत’ हे तुम्ही तुमच्या अक्षरात मोठ्याने लिहून तिच्या उशाशी ठेवा, आणि एक ग्रॅमच्या दोन पाटल्या आणून घाला. टोकं बोथट बघून घ्या.

‘आई अशी नव्हती’ असं भावाला वाटत असेल, तर त्याला एक जुनी गोष्ट सांगा. अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली जी केस मांडली आणि जिच्यामुळे आजाराला त्यांचं नाव मिळालं, ती ऑगस्ट डेटर ही बाई फ्रँकफर्टच्या इस्पितळात 1901 मध्ये आली तेव्हा 51 वर्षांची होती. घरच्यांच्या आधी लक्षात आलं ते विसरणं नव्हे. नवऱ्यावर तिचा भलताच संशय जडला होता. हा आजार पहिल्या दिवसापासून असाच आहे.

आता गोळ्या. भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. औषधातलं आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत नाही. पण आईच्या बाबतीत तुम्हाला जे ठाऊक आहे ते आठवड्यातून एकदा राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना कळणं शक्य नाही, आणि डोस ठरवायला दोन्ही लागतं.

रिस्पेरिडोनसारख्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्ये सगळ्यात कडक इशारा दिला. डिमेन्शियाच्या वृद्धांवरच्या 17 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी 4.5 टक्के दगावले होते, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 2.6 टक्के. ब्रिटनमध्ये 2009 साली सरकारसाठी केलेल्या अहवालाचा अंदाज होता की तिथे डिमेन्शियाच्या 1,80,000 लोकांना ही औषधं दिली जातात आणि फायदा होतो तो जेमतेम 36,000 लोकांना, म्हणजे पाचांतल्या एकाला. पक्षाघात, पडणं, ताठरणं, गिळताना ठसका लागणं हे त्यांचे तोटे. ब्रिटनमध्ये रिस्पेरिडोनला या कामासाठी मान्यता आहे ती सहा आठवड्यांपर्यंत, आणि तीही दुसरे उपाय करून झाल्यावर, मारहाण थांबत नसेल आणि धोका असेल तेव्हा. तुमच्या आईला चार महिने झाले.

मी गोळीच्या विरुद्ध नाही. भिंतीतून साप येतायत म्हणून रात्र रात्र किंचाळणारी, गॅलरीतून उडी मारायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत; तिथे छोट्या डोसाने त्यांची भीती उतरलेलीही पाहिली आहे. पण ‘घरी जायचंय’ यावर रिस्पेरिडोन चालत नाही. पदर शोधण्यावर चालत नाही.

बाकीच्या चिठ्ठीकडेही बघा. डोनेपेझिल मेंदूतलं एक रसायन टिकवायला बघतं. ट्रायहेक्सिफेनिडिल बरोबर त्याच रसायनाचं काम अडवतं आणि म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतं. एका हाताने नळ सोडायचा, दुसऱ्याने बंद करायचा. आणि ते कशासाठी दिलं? रिस्पेरिडोनने अंग ताठरलं म्हणून. त्यात क्लोनाझेपामची गुंगी. मग ती पडली यात नवल काय? डॉक्टरांना हे असं फटकळपणे सांगू नका, ते माझ्यावर सोडा. तुम्ही विचारा: यातली कुठली गोळी कुठल्या लक्षणासाठी आहे? ते लक्षण कमी झालंय का? कधीपासून कमी करायला सुरुवात करायची? हळूहळू कमी करता येईल अशी तारीख कागदावर लिहून द्याल का? सर्दीची-खाजेची झोप आणणारी गोळी मध्येच कुणी देत असेल तर तेही विचारा, ती ट्रायहेक्सिफेनिडिलच्याच जातीची. मात्र स्वतः होऊन एकही गोळी एकदम बंद करू नका, क्लोनाझेपाम तर मुळीच नाही. अचानक तुटलं तर फिट येऊ शकते. शक्य असेल तर वृद्धांच्या मानसोपचारातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्याची फी टोरांटोहून येऊ दे.

मनगटांच्या वळांबद्दल मात्र मऊ बोलायचं कारण नाही. फोटो काढला नसेल तर पुढच्या वेळी तारखेसह काढा. सरळ विचारा: हात बांधता का? कधी, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, नोंद कुठे आहे? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आरोग्य संस्थांना सांगतो की माणसाला बांधायचं ते तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, आणि शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कधीच नाही. ‘आमचं इस्पितळ नाही, आम्हाला तो कायदा लागत नाही’ असं मॅनेजर म्हणतील कदाचित. म्हणू देत; इस्पितळात जे चालत नाही ते तुमच्याकडे कसं चालतं, एवढंच विचारा. बांधलेलं माणूस शांत होत नाही. सुटायच्या धडपडीत जास्त जोरात पडतं.

मावशींशी भांडू नका. बारा तासांची ड्युटी, हातावर ओरखडे, आणि पगार तुम्हाला ऐकवणार नाही एवढा. त्या दुष्ट नाहीत, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. शंभर पानी वही घ्या आणि जी मावशी आईशी बरं बोलते तिला विनंती करा की रोज तीनच गोष्टी लिही: आधी काय चाललं होतं, वैनीने काय केलं, मग आपण काय केलं. ‘चिडली’ असं नको. ‘सकाळी 7, शॉवर सुरू केला, ओरडली, थांबवला, गप्प झाली’ असं. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून पाठवू दे. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलीत, तर डोसाची चर्चा वेगळीच होते. पंधरा दिवसांची मुदत मॅनेजरकडून महिन्यावर न्यायलाही हीच वही उपयोगी पडेल. त्यांनाही रिकाम्या कॉटचं नुकसानच आहे. ब्रिटनमधल्या 69 केअर होममध्ये एक अभ्यास झाला होता: कर्मचाऱ्यांना माणूस ओळखून काळजी घ्यायला शिकवलं आणि रहिवाशांशी गप्पागोष्टींसाठी आठवड्याला एक तास ठरवून दिला, तर त्यांचं जगणं सुधारलं आणि चिडचिड कमी झाली. आठवड्याला एक तास! मॅनेजरना हा आकडा जरूर सांगा.

एवढं करूनही सगळं थांबेल असं मी म्हणणार नाही. काही महिन्यांनी आजार पुढे सरकेल आणि कदाचित नवीनच काहीतरी सुरू होईल. आणि हे सेंटर वळांबद्दल उडवाउडवी करत राहिलं तर दुसरी जागा बघावीच लागेल. त्याची चौकशी आजपासून गुपचूप सुरू ठेवा. तिला घरी आणायचा विचार मात्र अपराधी वाटतं म्हणून करू नका. दोन खोल्या, नोकरी आणि सासूबाई यांच्यात दिवसभर तिच्यावर डोळा ठेवणारं माणूस कुठून येणार, याचं उत्तर मिळालं तरच करा.

रविवारी जाताना तिची दोन जुनी मऊ पातळं शिंप्याकडून शिवून न्या: कमरेला इलॅस्टिक, निऱ्या शिवलेल्या, पदर मोकळा. ब्लाउज पुढून बटणांचा, बाही सैल. मापाला जुना ब्लाउज देऊ नका. पाच महिने ती अशी आहे म्हणजे वजन उतरलं असणार, आधी टेपने माप घ्या. माप घेताना तिने टेप धरली तर धरू द्या.